मुख्य अतिथींच्या दिवशीचे न्यूट्रॉन

विश्वातले बहुतेक द्रव्य अदृश्य आहे आणि त्याच्या शोधाइतके उदात्त काम दुसरे नाही. आमच्या विभागप्रमुखांनी हे वाक्य फ्लेक्सवर छापून घेतले होते. खाली त्यांचा स्वतःचा फोटो होता, तो चौकातूनही दिसे.

माझ्याकडे त्या शोधातले हलके काम होते. खोल खाणीतल्या यंत्राला त्या अदृश्य द्रव्याचा, म्हणजे डार्क मॅटरचा, धक्का बसला काय आणि खडकातून निघालेल्या भटक्या न्यूट्रॉनचा बसला काय, यंत्राला फरक कळत नाही. म्हणून आधी न्यूट्रॉन मोजावे लागतात. ते मोजणारी नळी मी दोन वर्षे खपून झाशीच्या आमच्या कॉलेजात तयार केली होती. आसपासची एकही वस्तू न हलवता तीस दिवस तिची मोजणी स्थिर राहिली, तर खाणवाले ती खाली नेणार होते. नाहीतर खाणीतली ती जागा दुसऱ्या कॉलेजला.

बाविसाव्या दिवशी विभागप्रमुख म्हणाले, "उद्या लोकार्पण."

"आठ दिवस थांबा ना, सर."

"मुख्य अतिथी थांबत नसतात, मॅडम. आमचे पूर्वज पेशव्यांचा हुकूम घेऊन इथं आले. पाहुण्यांचं कसं करायचं, हे रेल्वेवाल्यांनी आम्हाला शिकवू नये."

"माझे वडीलही हुकूम घेऊनच आले होते. रेल्वेतल्या बदलीचा."

मे महिना होता. सकाळी खोलीत सोफा आला आणि सोफ्यामागे, नळीला जवळजवळ टेकून, काठोकाठ भरलेला मोठा कूलर. पाणी न्यूट्रॉन अडवते. हे मी बी.एस्सी.ला शिकवते. विभागप्रमुखही शिकवतात.

"सर, निदान कूलर तरी हलवा."

"आणि साहेबांना घाम आला तर?" मग शिपायाकडे वळून, "भैया, और पानी डालो!"

मुख्य अतिथींनी नारळ फोडला, नळीवर हात फिरवला आणि विचारले, "इसमें डार्क मैटर कितना आता है?"

"अभी तो शुरुआत है, सर," विभागप्रमुख म्हणाले.

अतिथी चहा घेऊन गेले. कूलर राहिला. खोली गार झाली म्हणून विभागप्रमुख पुढचे तीन दिवस तिथेच सोफ्यावर बसून फायली बघत होते. मी दोनदा कूलरचा प्लग काढला, त्यांनी दोनदा लावला. तसे पाहिले तर प्लगचा प्रश्नच नव्हता, प्रश्न पाण्याचा होता. पण तेवढेच माझ्या हातात होते.

मोजणी घसरली. खाणवाल्यांनी जागा दुसऱ्या कॉलेजला दिली आणि लेखी कारण मागितले. विभागप्रमुखांनी कारण म्हणून माझा हलगर्जीपणा लिहून पाठवला.

मी जूनभर कूलर भरून आणि रिकामा करून मोजले. शिपायांना आणि क्लार्कांना अतिथींच्या जागी उभे करून मोजले. मग माझा अहवाल पाठवला. त्यातले शेवटचे वाक्य असे होते: घट कूलरमधल्या पाण्यामुळे झाली, मुख्य अतिथींचा परिणाम मोजता येण्याइतका नव्हता.