इस्त्रीच्या टेबलापाशी

चित्रपटाच्या सेटवर आवाज टिपायचं काम तो एकतीस वर्षं करत होता. सगळे त्याला कानसेन म्हणत. कानांवर हेडफोन, पुढ्यात रेकॉर्डिंगचं यंत्र आणि चेहरा असा, की समोर भूकंप झाला तरी हा आधी म्हणणार, तो पंखा बंद करा. गाण्यांची नाटकं मात्र त्याच्या डोक्यात जात. चांगलं बोलत असलेल्या माणसाला मध्येच काय होतं आणि तो हात पसरून गायला का लागतो, हे त्याला आजवर कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. बायकोनं एकदा त्याला अशाच एका गाजलेल्या नाटकाला ओढून नेलं होतं. कपडे धुण्याच्या कारखान्यात राबणारी आई आणि घर सोडून निघालेली तिची मुलगी यांची गोष्ट. मध्यंतरानंतर हा आत गेलाच नाही. गाडीत बसून बातम्या ऐकत राहिला.

आणि आता त्याच नाटकाचा चित्रपट त्याच्या गळ्यात पडला होता.

दिग्दर्शक पस्तिशीचा होता. तो घरी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, गाणी आधी रेकॉर्ड करून नंतर ओठ हलवायचे, हे मला नकोय. कॅमेऱ्यासमोर, तिथल्या तिथे गायचं. आणि ऐकायला मला गाण्याचा शौकीन नको. तुम्हाला पटलं तर कुणालाही पटेल." कानसेन वरकरणी कुरकुरला, पण आतून सुखावला.

आईचं काम बाईंकडे होतं. रंगमंचावर चौदा वर्षं त्यांनीच ती भूमिका केली होती. वय बासष्ट. निर्मातीला त्या नको होत्या. तिला पडद्यावरचा ओळखीचा चेहरा हवा होता. दिग्दर्शक अडून बसला. शेवटी असं ठरलं, की काम बाई करतील, पण सूर हलला तर एका तरुण गायिकेचा आवाज वरून बसवायचा. गायिका ठरवूनही झाली होती. बाईंना हे माहीत होतं.

घोळक्यातली गाणी निभावली. राहिलं ते शेवटचं, आईनं एकटीनं गायचं गाणं. त्यासाठी एक बंद पडलेला, खराखुरा धुलाई कारखाना मिळाला होता, तोही एकाच दिवसापुरता. संध्याकाळी सहाला चाव्या परत द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो पाडायला घेणार.

पियानो शेजारच्या खोलीत होता. त्याचा आवाज बाईंच्या कानातल्या इवल्याशा बोंडातून फक्त त्यांनाच ऐकू जाणार, म्हणजे माइकमध्ये निव्वळ गळा येईल. कॅमेरा उजवीकडून होता, म्हणून बोंड डाव्या कानात.

पहिल्या खेपेला दोन ओळी बरोबर गेल्या आणि तिसरीला सूर घसरला. दुसऱ्यांदा दुसऱ्याच ओळीला. दुपारपर्यंत चार खेपा झाल्या आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा वाईट. निर्माती खुर्चीत बसून फोनवर काहीतरी लिहीत होती. काय लिहीत असेल, हे सगळ्यांना कळत होतं.

कानसेनला मात्र हेडफोनमधून वेगळंच ऐकू येत होतं. प्रत्येक ओळीआधी बाई श्वास रोखत होत्या. गाणारा माणूस असा श्वास रोखत नाही. दाराआडचं बोलणं ऐकणारा रोखतो. मग त्याला एकेक आठवायला लागलं. जेवताना बाई नेहमी टेबलाच्या डाव्या टोकाला बसत. डावीकडून कुणी बोललं, की सगळं अंग वळवून बघत.

जेवणाच्या सुट्टीत माइकची बॅटरी बदलायच्या निमित्तानं तो त्यांच्याकडे गेला.

"बाई, डाव्या कानानं किती ऐकू येतं?"

बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. "काहीच नाही. तीन वर्षं झाली."

रंगमंचावर वादक उजवीकडे असायचे, त्यामुळे निभावत गेलं. सांगितलं कुणालाच नव्हतं, मुलालासुद्धा. सांगितलं असतं तर हा चित्रपट मिळालाच नसता.

"आता कळलं तर ती मुलगी गाईल आणि तोंड माझं हलेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगणार आहात का?"

आवाजाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. कानसेन म्हणाला म्हणजे तसंच असणार, एवढीच काय ती त्याची आयुष्यभराची कमाई होती. उजव्या कानात बोंड घातलं तर कॅमेऱ्याला दिसणार. कॅमेरा पलीकडे न्यायचा तर दिवे, खिडकी, सगळंच फिरणार आणि सहा वाजणार.

"पियानोशिवाय गाल?"

"चौदा वर्षं गातेय. तो ऐकायच्या नादातच सूर सुटतोय हो."

तो उठला आणि थेट निर्मातीपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, बाईंचं काही चुकत नाहीये. त्यांच्यापर्यंत जे पोचतंय तेच वाकडंतिकडं आहे, कानातलं यंत्र बिघडलंय, जवळचं दुसरंही तसंच. पियानो काढून टाकू. बाई नुसत्या गातील, वादक नंतर त्यांच्या मागून वाजवेल.

"हे सकाळी का नाही कळलं?" निर्मातीनं विचारलं. "अर्धा दिवस गेला."

"माझी चूक."

हे दोन शब्द त्याच्या तोंडून सेटवर कुणी ऐकले नव्हते. दिग्दर्शकानं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"एकदाच," निर्माती म्हणाली. "त्यानंतर माझ्या पद्धतीनं. आणि तुमच्याबरोबर पुढे काम करायचं का, ते मी बघेन."

साडेचारला सगळे जागेवर आले, तर पाइप वाजायला लागले. दृश्यासाठी त्यांत वाफ सोडली होती. आता ते निवत होते आणि थांबून थांबून टक, टक करत होते. कानसेननं हात वर केला. कुणी हलेना. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत कडेला आलं. निर्मातीनं घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचा हात वरच. वीस मिनिटं गेली. शेवटी पाइप गप्प झाले, तेव्हा शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून, वादकानं पहिला सूर एकदाच दाबला आणि पियानोवरून हात काढून घेतले.

बाईंनी टेबलावर मुलीचा सदरा पसरला. इस्त्री फिरली. दाराशी उभ्या मुलीकडे न बघताच त्या म्हणाल्या, "जा आता, उशीर होईल. कॉलर नीट कर गं, उन्हं वर आली..."

कानसेन त्या क्षणाची वाट बघत होता, जिथे बोलणं संपून गाणं सुरू होतं आणि त्याला दरवेळी अवघडल्यासारखं होतं. तो क्षण आलाच नाही. दुसऱ्या ओळीत त्याच्या ध्यानात आलं, की बाई मघापासून गातच आहेत. सांधा कुठेच नव्हता. ज्या आईला पोरीचं जाणं बोलून दाखवता येणार नव्हतं, ती गाण्याशिवाय दुसरं काय करणार?

तिसरी ओळ वर चढणारी. पहिल्या खेपेला घसरल्या त्या इथेच, नंतर इथवर पोचल्याच नव्हत्या. बाईंनी आवाज लावलाच नाही, जवळजवळ श्वासावर ती ओळ उचलली. ती टिकली. पुढची ओळ तिच्याहून हळू, आणि तेवढ्यात एका पाइपनं टक केलं.

कानसेननं डोळे मिटले. संपलं सगळं. पण बाई थांबल्या. दारावर कुणी टकटक केल्यावर माणूस थांबतो तशा, क्षणभर. मग सदऱ्याची घडी घातली आणि शेवटची ओळ म्हटली.

दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला. कुणीतरी नाक ओढलं, तेव्हा तो भानावर आला.

"आवाज?" निर्मातीनं विचारलं.

"आलाय."

तिनं वादकाला बोलावलं. शेवटचा सूर त्यानं पियानोवर ताडून पाहिला. तो म्हणाला, बाई केसभर वर आहेत. राहू देत, पियानो लावून घेऊन मी तिथे येतो.

चित्रपट बरा चालला. गाण्यांच्या चित्रपटाला कधी न जाणारे लोकही बाईंच्या त्या गाण्याला जागचे हलले नाहीत, असं कानसेनची बायको सगळ्यांना सांगत असे. निर्मातीनं त्याला पुन्हा बोलावलं नाही. तिच्या ओळखीच्या आणखी दोघांनीही नाही. 'यंत्र न तपासता सेटवर येतो,' असं त्याच्याबद्दल बोललं गेलं. त्यानं कुठेच खुलासा केला नाही.

सहा महिन्यांनी बाईंचा फोन आला. मुलाला सांगितलंय, कानाची तपासणी आहे, तुम्ही याल का सोबत?

काचेच्या खोलीत बाई ताठ बसल्या, हातात बटण घेऊन. ऐकू आलं की दाबायचं, बाहेर दिवा लागेल. उजव्या कानाला दिवा लागत गेला. मग डावा. तपासणाऱ्या मुलीनं आवाज वाढवला, आणखी वाढवला. सूर कुठला आणि आता तो किती मोठा झाला असेल, हे यंत्राच्या काट्यांवरून बाहेर कानसेनला कळत होतं. बाईंचा अंगठा बटणावर तसाच. दिवा लागला नाही. अगदी शेवटी, खालच्या एका सुराला, एकदाच लागला.

बाहेर येऊन त्यांनी मुलीला नाही, त्याला विचारलं, "आलं का काही?"

"एक आला. खर्जातला."

"कुठला?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, तो सूर गुणगुणून दाखवला.