चिकटनं ते खोटं

जळगावात माझ्या खेळण्यांच्या दुकानाला लागून एका सोनाराचं दुकान होतं. सोनारभाऊंच्या खिशात कायम एक चुंबक असे. मोडीला आलेला दागिना ते आधी त्याला लावत. "चिकटनं ते खोटं," एवढंच म्हणत आणि दागिना परत देत. समोरची बाई रडली तरी तेच.

नातीच्या वाढदिवसाला मनोरे बांधायचा चुंबकाचा सेट घ्यायला ते माझ्याकडे आले. मी दोन सेट उघडले. त्यांनी सवयीनं प्रत्येक कांडी सेटमधल्या लोखंडी गोळीला लावून पाहिली. "बठ्ठं चिकटस," ते नाराजीनं म्हणाले. यात सगळं चिकटायलाच हवं, हे मी त्यांना दोनदा समजावलं.

कुठल्या सेटचा जोर जास्त, ते दाखवायला मी एक कांडी उचलली. ती टच्चकन माझ्या अंगठीला चिकटली. अंगठी सासऱ्यांनी लग्नात घातलेली. शेजारी पावती लिहीत बसलेल्या बायकोनं मान वर केली.

सोनारभाऊंनी माझ्या बोटावरची कांडी हलकेच सोडवून खोक्यात ठेवली आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, हाऊच सेट बांधी द्या. चुंबक भलता जबर शे, सोनालेबी धरस."