आधी बूड टेकव

कुसुमकाकूंच्या घरात उभ्याने कोणालाच काही मिळत नसे. पाणीसुद्धा नाही. गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस असो, कामाला निघालेली मी असो, की पुण्याहून धावतपळत आलेला त्यांचा मुलगा मंदार असो, काकू पाण्याचा पेला हातात धरून थांबायच्या आणि म्हणायच्या, "आधी बूड टेकव." परक्या माणसाला "टेकवा" म्हणायच्या, एवढाच फरक.

नाशिक रोडला त्यांच्या घरावरच्या खोलीत मी भाड्याने राहते. माझं गाव सिन्नरच्या पुढे. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मीच पहिली. गंगापूर रोडवर एका ऑफिसात नोकरी लागली आणि पिशव्या घेऊन मी काकूंच्या दारात उभी राहिले, तेव्हा पहिलं वाक्य हेच ऐकलं. बसले. पाणी प्यायले. "जेवलीस का?" त्यांनी विचारलं. खोलीचं बोलणं जेवणानंतर झालं. शहरात आपलं कसं होणार ही माझी धास्ती त्या ताटापाशीच निम्मी झाली. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायचं राहूनच गेलं.

काकू बालवाडीच्या बाई होत्या. आयुष्यभर त्यांनी चार वर्षांच्या मुलांना बसायला शिकवलं. "खिचडीचं पातेलं दिसलं की पोरं उड्या मारायची," त्या सांगत. "मी पातेलं घेऊन दारातच उभी. ओरडायचं नाही. आपण ओरडलो की त्यांना वाटतं, बाईपण खेळायला आल्या. गप्प उभं राहायचं. सगळी बसली की पातेलं आत. एक जरी उठलं की परत बाहेर."

काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. गिळतानाही त्रास व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना ताठ बसवून, मऊ भात किंवा भिजवलेली पोळी चमच्याचमच्याने भरवायची. घास तोंडात असताना ते दचकता कामा नयेत, ठसका जिवावर बेतू शकतो. त्यामुळे त्या घरात जेवणाची वेळ ही सगळ्यात शांत वेळ असे. काका मात्र दिवसभर भिंतीकडे बघत पडून असत.

अशा घरात शेंग्या आला. गल्लीतल्या कुत्रीचं पिल्लू, रंग भाजक्या शेंगेच्या टरफलासारखा. एका सकाळी ते दारातून थेट आत घुसलं आणि काकांच्या लुळ्या हाताची बोटं चाटू लागलं. काका हसले. आवाज निघाला नाही, पण हसले. काकू चहाचं आधण तसंच सोडून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू दे आता हे."

शेंग्याला सगळं मान्य होतं, फक्त जेवण शांतपणे होऊ शकतं हे मान्य नव्हतं. ताटलीचा आवाज आला की तो खोलीभर उधळायचा, पलंगावर उड्या मारायचा, भुंकून घर डोक्यावर घ्यायचा. एकदा तो थेट काकांच्या छातीवर पडला. वाटी उडाली आणि काकांना असा ठसका लागला की त्यांचा चेहरा काळानिळा झाला. त्या दिवशी मंदारदादा आलेला होता.

"आई, याला सिन्नरला आत्याच्या शेतावर सोडून येतो."

"थांब जरा."

"कशासाठी थांबायचं? पप्पांना काही झालं असतं म्हणजे?"

काकू बराच वेळ काकांची पाठ चोळत राहिल्या. "तुझ्या पप्पांना काही होऊ देणार नाही. आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडतील तेही होऊ देणार नाही. दिवाळीला येशील तेव्हा बघ. नाही जमलं तर तूच घेऊन जा."

दुसऱ्या दिवसापासून बालवाडी भरली. उंबऱ्याजवळ एक गोणपाट टाकलं गेलं. ती शेंग्याची जागा. जेवणाआधी मी त्याला गल्लीत दमेस्तोवर फिरवून आणायचं. मग काकू त्याची वाटी हातात घेऊन गोणपाटापाशी उभ्या राहायच्या. तो उडाला की वाटी वर. भुंकला की काकू पाठ फिरवायच्या. कंटाळून खाली बसला की वाटी हळूहळू खाली यायची, आणि तो झेपावला की पुन्हा वर. "आधी बूड टेकव," एवढंच. आवाज चढायचा नाही. काकूंचे गुडघे दुखायचे, पण वाटी नियमाच्या आधी कधी जमिनीला लागली नाही.

तरीही शेंग्या काकांच्या जेवणाच्या वेळी पलंगाभोवती घोटाळायचाच. कारण काही कळेना. शेवटी काकूंनीच पकडलं. काका चांगल्या डाव्या हाताने मऊ पोळीचे तुकडे पलंगाखाली टाकत होते.

"अहो! मी इकडे शिकवतेय आणि तुम्ही तिकडे कॉपी पुरवताय?"

काकांनी लहान मुलासारखी नजर चुकवली.

काकू माझ्याकडे वळल्या. "वैशू, बघ गं. मला वाटलं विद्यार्थी एक आहे. दोन निघाले."

पण त्यातूनच त्यांनी युक्ती काढली. शेंग्याची भरलेली वाटी गोणपाटापुढे ठेवायची, पण काकांचं जेवण संपेपर्यंत त्याने बसून राहायचं. काकांनी शेवटचा घास गिळला की डाव्या हाताने रिकाम्या वाटीवर चमचा वाजवायचा. तो वाजला की शेंग्याने खायचं. "म्हणजे तुमचं पोट भरल्याशिवाय त्याला मिळणार नाही," काकू म्हणाल्या. "आता टाका बघू तुकडे." तुकडे बंद झाले. पूर्वी अर्ध्या वाटीवर मान फिरवणारे काका शेंग्यासाठी वाटी संपवू लागले.

दिवाळीला मंदारदादा आला. काका जेवत होते, शेंग्या गोणपाटावर बसून त्यांच्या हाताकडे टक लावून होता. लाळ गळत होती, पण बूड जमिनीला. चमचा वाजला आणि तो उठला. मंदारदादा म्हणाला, "मला नाही असं शिकवलंस कधी." काकू म्हणाल्या, "तू अजून उभाच आहेस."

यंदा थंडीत, एका दुपारी, मेथी निवडता निवडता काकू बाजूला कलंडल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मला ऑफिसात फोन आला. मी रिक्षाने आले. पानं खुडलेली मेथी ताटात तशीच होती. मी ती फ्रिजमध्ये ठेवली. का ठेवली, माहीत नाही. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

अमरधाम स्मशानातून माणसं परतली. घरात चूल पेटलेली नव्हती. सिन्नरहून काकांची बहीण कडू घास घेऊन आली, पिठलं, भाकरी आणि काकांसाठी वेगळा मऊ भात. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला पहिला घास दुसऱ्यांनी भरवायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. आत्या पलंगापाशी बसल्या.

"दादा, एक घास घे रे. असं नाय चालत."

काकांनी तोंड मिटलेलं. मंदारदादाने विनवलं, शेजारच्यांनी समजावलं. काकांनी मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल.

शेंग्याची वाटी मी गोणपाटापुढे ठेवली होती. तो शिवला नाही. माणसांच्या गर्दीने बुजला असेल, असं मला वाटलं. आत्यांनी चुचकारलं, वाटी नाकाशी नेली. त्याने एकदा वास घेतला आणि पुन्हा पलंगाकडे बघत बसला.

"याला काय झालंय?" आत्यांनी विचारलं.

"तो काकांसाठी थांबलाय," मी म्हणाले. मला ते बोलता बोलताच समजलं.

काकांची मान हळूहळू वळली. बराच वेळ ते शेंग्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं. आत्यांनी चमचा माझ्या हातात दिला. एकेक घास. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून भातात उतरत होतं आणि ते गिळत होते. वाटी संपली. त्यांनी माझ्या हातातला चमचा डाव्या हातात घेतला आणि वाजवला.

शेंग्या खाऊ लागला.

आत्यांनी मला पिठलं-भाकरी वाढून दिली. मी ताट हातात घेऊन तशीच उभी होते. किती वेळ, कुणास ठाऊक. काकांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि पलंगाची कड दोनदा थोपटली.

मी बसले. मग जेवले.