परमनंट झाल्यावर

पाणीखात्यात त्याला सगळे टेंपररी म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तोही बिनदिक्कत ओ द्यायचा. ऐन पंचविशीत रोजंदारीवर लागला, तेव्हा साहेब म्हणाले होते, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, मग कायम करून टाकू. ते साहेब रिटायर झाले, त्यांच्यानंतरचेही झाले. हा आपला जागच्या जागी. डोक्यावरचे केस तेवढे खरोखरचे टेंपररी निघाले.

काम म्हणाल तर गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं. व्हॉल्व्हची चावी म्हणजे खिशातली चावी नव्हे, चांगली कमरेइतकी लोखंडी दांडी, आणि वर धरायला आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला टेंपररी, दुसऱ्या टोकाला त्याचा जोडीदार. दोघं एकदम जोर लावायचे, एकदम घाम पुसायचे. पण जोडीदार होता कायम नोकरीतला, आणि पगाराच्या दिवशी त्याच्या टोकाला जे पडायचं त्याचा जेमतेम चौथा हिस्सा या टोकाला यायचा. जोडीदाराचं घर दुमजली झालं. टेंपररी त्याच भाड्याच्या खोलीत. बरं, जोडीदार माणूस लाखात एक, त्याला बोल लावायची सोय नाही. आमचं राज्यच एवढंसं, सरकारी नोकऱ्या मूठभर, ज्याला चिकटली त्याला चिकटली. बाकीच्यांनी काय करायचं ते त्यांचं त्यांनी बघायचं!

पण खरी गोष्ट आहे त्याच्या बायकोची. घरी शिलाई मशीन चालवायची, म्हणून सगळी बिल्डिंग तिला शिवणवाल्या काकू म्हणायची. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, कुणाची पँट आखूड कर, कुणाचा झगा सैल कर, हात म्हणून रिकामा नाही. मुलीचं शिक्षण आणि लग्न त्याच मशीनवर पार पडलं. तरी कुणी विचारलं, काय करता, तर म्हणायची, काही नाही, घरीच असते. या बायकांना काय म्हणावं!

आणि नवऱ्याचं एक पालुपद ठरलेलं. बायकोने कपाटाचं नाव काढलं, परमनंट झाल्यावर. पंख्याचं काढलं, परमनंट झाल्यावर. भाड्याच्या भिंतीला खिळासुद्धा ठोकू द्यायचा नाही. ठोकायचा तर आपल्या भिंतीला, परमनंट झाल्यावर. त्यामुळे त्या घरात आरसा डब्याला टेकून उभा, घड्याळ ट्रंकेवर उताणं, आणि वेळ बघायची तर वाकून बघायची. तिला हसू यायचं. मनात आणलं असतं तर भांडून तिने खिळा ठोकलाही असता, पण त्याचा जीव त्या एका शब्दात अडकलाय हे तिला कळत होतं, आणि तिचा त्याच्यावर जीव होता.

घोडं अडलं ते डोळ्यांवर. खोलीत उजेड बेताचा, आणि गणवेश गडद निळे. निळ्या कापडावर निळा दोरा तिला दिसेना झाला. एकदा एका पोराच्या शर्टाचा खिसा उलटा लागला, तेव्हा ती हबकली. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याने व्हायचं ते झालं, आता उजेडात बसा, नाहीतर शिवण सोडा. नेमकी त्याच सुमारास बिल्डिंगमधली रस्त्याकडची खोली रिकामी झाली. अर्ध्या भिंतीएवढी खिडकी! भाडं थोडं जास्त. घरमालकीण म्हणाली, महिनाअखेरपर्यंत सांगा, मागणारे पुष्कळ आहेत.

नवरा म्हणाला, थांब, ऑर्डर निघतेय, या खेपेला नक्की. ती थांबली. महिना सरत आला आणि खरंच एका संध्याकाळी तो बिस्किटांचा पुडा घेऊन धापा टाकत आला. ऑर्डर निघाली होती! पण परमनंट नव्हे, त्याच्याहून वरचं काहीतरी दिलं होतं. परिवीक्षाधीन. क्लार्कने मोठ्याने वाचून दाखवलं होतं. एवढा भारदस्त शब्द, म्हणजे हुद्दाही तसाच असणार. त्याने बायकोकडून तो तीनदा म्हणवून घेतला आणि बिल्डिंगभर बिस्किटं वाटली. तिचाही जीव भांड्यात पडला.

अंधार पडल्यावर जोडीदार आला. चहा घेतला, पण कप रिकामा झाला तरी खाली ठेवेना. शेवटी खाली बघतच बोलला.

"वहिनी, परिवीक्षा म्हणजे दोन वर्षं काम तपासून बघणार. पसंत पडलं तर परमनंट."

टेंपररी हसला. म्हणाला, एवढी वर्षं बघितलं, अजून दोन बघू देत की.

"अरे, पण तू पुढच्या वर्षी रिटायर होतोयस ना?"

टेंपररीच्या तोंडावरचं हसू काही वेळ तसंच राहिलं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. मग तो उठला आणि उगाचच घड्याळाला चावी देत बसला. जोडीदाराला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आला तो राग. खात्याचा आलाच, पण त्याहून जास्त आला त्या कोऱ्या भिंतींचा.

सकाळी ती घरमालकिणीच्या दारात उभी राहिली. मालकिणीने आधी अभिनंदन केलं. मग म्हणाली, आता यजमान परमनंट झाले म्हणजे प्रश्नच मिटला, नाहीतर खोलीला दुसरं सरकारी नोकरीवालं गिऱ्हाईक आलंच आहे. नुसतं हो म्हटलं असतं तरी किल्ली हातात पडली असती. बिस्किटं तर सगळ्यांनी खाल्ली होती.

"ते नाही झाले परमनंट," ती म्हणाली. "मी आहे. शिवते मी. तुमचं भाडं आजवर त्यातूनच आलंय."

हे मालकिणीलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं भाडं आणून देणारा हात कुणाचा होता ते तिने रोज नाही तरी दर महिन्याला पाहिलं होतं. ती आत गेली आणि किल्ली घेऊन आली.

रविवारी सामान हललं. जोडीदाराने मशीनचं एक टोक धरलं, टेंपररीने दुसरं, आणि ते खिडकीशी ठेवलं. मग टेंपररी हातोडी घेऊन भिंतीपाशी गेला आणि घुटमळत राहिला.

"अगं, भिंत भाड्याचीच आहे."

"असू दे. ठोका."

त्याने ठोकला. घड्याळ लावलं. मग आरशासाठी एक, त्याच्या शर्टासाठी एक, पिशवीसाठी एक. तरी त्याचा हात थांबेना. खिशातले संपले तसे जोडीदाराकडून मागून घेतले. टांगायला घरात तेवढ्या वस्तूच नव्हत्या. तिने निळा दोरा उजेडात धरला, पहिल्या फटक्यात सुईत ओवला, आणि त्याला ठोकू दिलं.