शेपटीतली लाकडं

लोरेन्स टेरब्लांशला अक्कल वाटायची खोड होती. दक्षिण आफ्रिकेतल्या अपिंग्टनच्या शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून तो निवृत्त झाला तेव्हा विद्यार्थी संपले, खोड उरली. मग दर डिसेंबरच्या उन्हाळी सुटीत हार्टेनबोसच्या समुद्रकाठी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागं ओढायची घरं, रांगेनं लावून बसणारी भोळी कुटुंबं तिच्या तावडीत सापडायची. हे गृहस्थ न्हाणीघरातला वजनकाटा काखेत मारून रांगेभर हिंडायचे आणि दिसेल त्या कॅरॅव्हॅनच्या नाकाखाली, म्हणजे गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्याखाली, तो सरकवायचे.

"नाक हलकं आहे तुमचं!" तो ओरडायचा. "जड सामान चाकांवर ठेवा, जरासं पुढं. शेपटीत भरलंत, की उतारावर शेपूट डुलते आणि गाडीलाही डुलवते. डुललीच, तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग झटकायचं नाही. सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा."

सगळं अगदी बरोबर होतं. त्याच्या बायकोनं, माग्रीतनं, ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पहिल्या संध्याकाळी अख्ख्या रांगेचं मांस लोरेन्सच्या लाकडांवर भाजलं जायचं. कालाहारीतल्या काटेरी झाडाचे ते ओंडके, दगडासारखे जड. किनाऱ्यावरचं लाकूड म्हणजे नुसता धूर, असं तो नाक मुरडून म्हणे. ही लाकडं तो भरायचा कुठं? मागच्या पलंगाखाली, ऐन शेपटीत. कारण पोचल्याबरोबर मागचं झाकण उघडून ती चारचौघांदेखत बाहेर काढायची असत. एवढीशी हौस, आणि तिच्यासाठी बायकोचा जीव टांगणीला.

"लोरेन्स, ती पुढं घे," या वर्षीही निघताना माग्रीत म्हणाली. "गेल्या खेपेला शेपूट डुलली होती."

"तो ट्रकचा वारा होता. तू मला शिकवतेस?"

"तूच शिकवलंयस."

"ते लोकांना गं! त्यांना काय कळतं?"

माग्रीत गाडीत जाऊन बसली. या ऐकून घेण्याचा तिला पुढं फार राग आला.

वाटेत रांगेतल्या शेजाऱ्याचा, फानचा फोन आला. तो आधी पोचणार होता आणि म्हणत होता, ऊम लोरेन्स, म्हणजे लोरेन्सकाका, या वर्षी विस्तव मीच पेटवतो. झालं! कारूच्या ओसाड माळरानातल्या लांबलचक उतारावर ऊम लोरेन्सनी गाडी पिटाळली. समोरून एक मोठा ट्रक धडधडत गेला आणि मागं कॅरॅव्हॅन हलली. आधी थोडी, मग जास्त, मग गाडीचा मागचा भाग इकडून तिकडे फेकला जाऊ लागला. माग्रीतला आरशात कधी कॅरॅव्हॅन दिसे, कधी नुसतं माळरान. आता आपण मरणार, असं तिला स्वच्छ वाटलं.

आणि रांगेचे गुरुजी काय करत होते? ब्रेक दाबत होते आणि स्टिअरिंग गरागरा फिरवत होते.

"पाय काढ!" माग्रीत किंचाळली. तो काढीना. तिनं वाकून दोन्ही हातांनी त्याचा गुडघा वर ओढला. "सरळ धर, मेल्या! नुसतं सरळ धर!"

डुलणं हळूहळू ओसरलं. गाडी रस्त्याकडेला थांबली. माग्रीत उतरली, मागं गेली, झाकण उघडलं आणि एकेक ओंडका माळावर भिरकावू लागली.

"अगं, रांगेला काय सांगू?" लोरेन्स कळवळला. जीव वाचल्याचं त्याला काही नव्हतं, लाकडांचं होतं. शेवटचा ओंडका टाकून तिनं चावीसाठी हात पुढं केला आणि उरलेला रस्ता गाडी स्वतः हाकली.

संध्याकाळी फानच्या ओल्या लाकडांचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. पडलो तरी नाक वर, अशा थाटात लोरेन्स खुर्चीत बसून सांगत होता, "अशा वेळी डोकं थंड ठेवावं लागतं. मी शांतपणे पाय उचलला..."

"ऊम, पण तुमची लाकडं कुठायत?" फाननं विचारलं.

लोरेन्सनं माग्रीतकडे पाहिलं. दरवर्षी अशा वेळी ती त्याची बाजू सावरायची.

"कारूत टाकली," माग्रीत म्हणाली. "शेपटीत भरली होती यानं. आणि पाय यानं नाही उचलला, मी उचलला."

कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट झालं. माग्रीत उठली, खुर्चीखालचा वजनकाटा घेतला आणि आपल्याच कॅरॅव्हॅनच्या दांड्याखाली नेऊन ठेवला.

"ये, लोरेन्स," ती म्हणाली. "वाच, लाकडं गेल्यावर नाकाचं वजन काय दाखवतोय."