दोन खरी, एक खोटं

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझी नेमणूक डिचोलीजवळच्या एका गावच्या मराठी शाळेत झाली. मी पेडण्यातल्या केरीचा, समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला. इथे खाणीचे ट्रक आणि भातावरसुद्धा बसणारी लाल धूळ. गावात पाय ठेवल्यापासून मी धुमसत होतो. आठवड्याच्या आत डिचोलीच्या बाजारातल्या टायपिस्टकडून बदलीचा अर्ज टाइप करून घेतला आणि पाठवूनही दिला. शाळेत कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

चौथीची मुलं मात्र माझ्याशी बोलत नव्हती, आणि त्याचा मला भयंकर राग येई. नाव विचारलं तरी सगळी स्वतःच्या पायांकडे बघायची. असं किती दिवस भिंतीला शिकवायचं? शेवटी प्रशिक्षणात शिकलेला ओळखीचा खेळ बाहेर काढला. प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, दोन खरी आणि एक खोटं. खोटं कुठलं, ते बाकीच्यांनी ओळखायचं.

पहिला मुलगा उठला. "आमची गाय व्याली. मला सायकल येते. मी कधी मार खाल्ला नाही."

"ताणें कालच खाल्लो!" वर्ग ओरडला. कुणी, कशाने आणि कशासाठी मारलं, हेही लगेच कळवण्यात आलं. पुढच्या मुलीने मामा मुंबईला असतो असं सांगितलं, तर तो सकाळीच पोदेराकडे पाव घेताना दिसल्याची चौघांनी साक्ष दिली. ज्या गावात कुणाच्या घरी कुठली आमटी शिजली ते सगळ्यांना ठाऊक, तिथे मी खोटं लपवायचा खेळ घेऊन आलो होतो. पण वर्ग बोलत होता! मी स्वतःवरच बेहद्द खूश झालो.

"आतां सर, तुमी," मागून आवाज आला.

मी ऐटीत उभा राहिलो. "मी केरीचा. मला पोहता येत नाही. मला ही शाळा आवडते."

"तिसरें फट!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. फट म्हणजे खोटं, एवढं मलाही कळत होतं.

"चूक," मी म्हणालो. "खोटं दुसरं. मी चांगला पोहतो."

पहिल्या बाकावरची मुलगी शांतपणे उठली. "सर, तुमचो बदलीचो अर्ज म्हज्या बाबान टायप केलो. आदले दोन सरूय अशेच गेले. आमी नांवां सांगून कितें करचें?"

या वेळी पायांकडे बघायची पाळी माझी होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

शनिवारी शाळा सुटल्यावर अर्ज मागे घ्यायला तडक डिचोली गाठली. टायपिस्टने मला पाहिलं आणि न विचारताच वरचा मजकूर आधीच टाइप केलेला एक कागद यंत्रात सरकवला.

"अर्ज फाटीं घेवपाचो मा? म्हज्या चेडवान घरा येवन सगळें सांगलें. वयलें हांवें टायप करून दवरलां. कारण तेवढें तुमी सांगा."

"लिहा," मी म्हणालो, "मला ही शाळा आवडते."

त्याने कळांवर बोटं ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं.

"ह्या खेपेक खरें मा, सर?"