राइस मिलमधल्या फक्कीच्या रेघा

आरमोरीची जुनी राइस मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मालकाच्या मुलांनी ती गावाला देऊन टाकली, आणि तिचं काहीतरी करायचं म्हणून गावात एक समिती बसली. नकाशाचं काम माझ्याकडे आलं. मी याच गावच्या बौद्ध वस्तीतली, नागपूरला शिकून आर्किटेक्ट झालेली. "आपलीच पोरगी हाये, जास्त बोलनार नाई," असं अध्यक्षांनी समितीत सांगितल्याचं मला नंतर कळलं.

अध्यक्ष म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर. चौथीत त्यांनी माझ्याकडून तेराचा पाढा घोटून घेतला होता, त्यामुळे त्यांच्यासमोर माझा आवाज आजही अर्धाच निघतो.

मिलमध्ये तीन गोष्टी करायच्या होत्या. बचत गटाच्या बायांना स्वयंपाकघर, परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना अभ्यासिका आणि झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांना तालमीची खोली. चौथी गोष्ट मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितली. "अध्यक्षासाठी एक कक्ष पाहिजे. मोठा नको. पण शोभला पाहिजे."

मी नकाशा काढून बैठकीत फिरवला. सगळे म्हणाले, छान हाये. एका सदस्याने तर तो उलटा धरून छान म्हटलं. तेव्हा मी ठरवलं, कागद राहू दे. क्रिकेटच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की आणली आणि मिलच्या फरशीवरच सगळ्या खोल्या खऱ्या मापात आखल्या. गाव आलं, रेघांमधून फिरलं. बायांनी तर जिथे दार दाखवलं होतं तिथूनच आत पाऊल टाकलं.

दुसऱ्या दिवशी टेप लावला तर स्वयंपाकघर फूटभर मोठं. मला वाटलं, मीच चुकले. पुसून पुन्हा आखलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फूटभर मोठं, आणि तालमीची खोलीही एका अंगाने सरकलेली. मग एके सकाळी मी लवकर जाऊन बॉयलरच्या भिंतीआड उभी राहिले. थोड्याच वेळात बचत गटाची प्रमुख बाई आली. पदर खोचला, जुनी रेघ ओल्या फडक्याने पुसली आणि डब्यातून चिमटीने नवी ओढली. माझ्यापेक्षा सरळ.

मी पुढे झाले. "बाई, हे काय करून राह्यल्या?"

ती दचकली नाही. "रांगोळी टाकून राह्यली जी. सकाळी टाकतच असतो आमी."

"अन् जुनी रेघ काऊन पुसली?"

तिने मला हाताला धरून रेघेच्या आत बसवलं. समोर स्वतः बसली आणि मधात हाताने मोठ्या पातेल्याएवढा गोल दाखवला. "हा भाताचा गंज. आता उठून दाखवा."

मला गंजात पाय न घालता उठता येईना.

"मग बैठकीत काऊन नाई सांगितलं?"

"बैठकीत मास्तर असतेत जी. मलेबी चौथीत त्यायनंच शिकवलं."

बैठक बोलावली असती तर पुन्हा सगळे छान हाये म्हणाले असते. मी ती बोलावलीच नाही. त्या दुपारी मी अध्यक्षांचा कक्ष मिलच्या बरोबर मध्यावर आखला, सगळ्यात मोठा, तिन्ही खोल्यांच्या मधोमध. ज्याला जागा हवी त्याने तिथूनच घ्यावी, असा माझा हिशेब. मास्तर आले, कक्षाच्या चारही कोपऱ्यांत उभे राहून आले आणि म्हणाले, "तुले समजते."

मला थोडं अपराधी वाटलं. फार नाही.

पुढचे आठ-दहा दिवस मी आखणीला हात लावला नाही, फक्त रोज मोजून घरी जायची. स्वयंपाकघराने एका बाजूने कक्ष खाल्ला. नाटकाच्या मास्तराने खलनायकाला तलवार फिरवता यावी म्हणून दुसऱ्या बाजूने तीन फूट घेतले. पण अभ्यासिकाही वाढत होती. ते कोण करतंय कळेना, कारण ती मुलं पुस्तकातून मान वर काढत नसत.

एकदा भरदुपारी टेप विसरला म्हणून परत आले, तर स्वतः मास्तर चपलेने रेघ घासत होते. मला पाहून थांबले. चौथीतल्या पोराने कॉपीसह सापडावं तसा चेहरा.

"एवढी खोली घेऊन मी काय करू?" ते म्हणाले. "घरी बसून कंटाळा येते. त्या पोरायच्या बाजूले पेपर वाचाले एक बाक बसला पायजे. पन आता मीच मागतला होता कक्ष, नको कसा म्हनू? कोनाले सांगू नोको."

"नाई सांगत सर," मी म्हटलं, आणि उरलेली रेघ दोघांनी मिळून पुसून कक्षाच्या आत नवी ओढली.

गवंडी आले त्या दिवशी कक्ष उरला होता सहा फूट बाय चार. मी रेघांवरूनच नवा नकाशा काढला. तपासायला आलेल्या इंजिनिअरने त्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी काही बोलायच्या आत मास्तर म्हणाले, "मीटर अन् झाडू ठेवाची जागा. मूळ नकाशातच होती." समितीतलं कोणीही हसलं नाही. त्यासाठी त्यांना किती कष्ट पडले ते मला दिसत होतं.

आता मिल रोज उघडी असते. अभ्यासिका आणि तालमीच्या मधली भिंत पातळ झाली, ती चूक मात्र माझी. पोलीस भरतीचा अभ्यास करायला येणाऱ्या एका मुलीला पलीकडचे संवाद ऐकून ऐकून अख्खं नाटक पाठ झालं. दिवाळीनंतरच्या प्रयोगात सासूचं काम तिने केलं. भरतीची तयारीही चालूच आहे, पण नाटकाचे मास्तर तिला सोडायला तयार नाहीत.